मतपत्रिकेत न मावलेला प्रश्न

२३ जून २०१६ रोजी युरोपीय महासंघात राहायचे की बाहेर पडायचे यावर ब्रिटनने सार्वमत घेतले. त्या दिवशी मताचा हक्क कुणाला होता हे पाहिले, तर मराठी वाचकाला नवल वाटेल. पुण्या-ठाण्याहून नोकरीनिमित्त लंडनला गेलेल्या, भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या माणसाला मत होते. राष्ट्रकुल देशांचा नागरिक तिथे कायदेशीरपणे राहत असेल, तर त्याला मतदारयादीत नाव घालता येते. स्विंडनमध्ये वर्षानुवर्षे राहून गोदामांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या गोवेकराला मात्र मत नव्हते. डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. तो पासपोर्ट काढून, महासंघातल्या मुक्त संचाराच्या हक्काने हे लोक स्विंडनला आले होते. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले तर महासंघाच्या इतर देशांच्या नागरिकांना या सार्वमतात स्थान नव्हते. ज्यांचा संसार निकालावर टांगलेला होता ते दाराबाहेर राहिले आणि व्हिसा संपल्यावर कदाचित परत जाणारा आत जाऊन फुली मारून आला.

मत असलेल्यांपैकी कितीतरी जण अखेरपर्यंत तळ्यात-मळ्यात होते. मतदानाच्या दिवशी लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी केलेल्या मोठ्या पाहणीत सुमारे चौथ्या हिश्शाच्या मतदारांनी सांगितले, की आमचे शेवटच्या आठवड्यात ठरले. पुढे पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनीही फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या वृत्तपत्रातल्या सदरासाठी दोन लेख लिहिले होते, एक बाहेर पडण्याच्या बाजूचा आणि एक राहण्याच्या बाजूचा. छापला गेला तो पहिला. ही गोष्ट उघड झाल्यावर त्यांच्यावर संधिसाधूपणाचा ठपका आला. त्यांच्या हेतूंबद्दल ज्याने त्याने आपले मत करावे, पण दोन्ही बाजू कागदावर मांडून पाहण्यात गैर काही नव्हते. कुंपणावरच्या मतदाराला आपल्याकडेही आळशी किंवा अडाणी समजायची पद्धत आहे. ब्रेक्झिटच्या बाबतीत मला नेमके उलटे वाटते. ज्याचे ठरत नव्हते, त्याला प्रश्नाची अडचण सर्वांत आधी कळली होती.

ही अडचण मतपत्रिकेतच होती. मूळ प्रश्न 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर मागणारा होता. 'हो' म्हणण्याकडे माणसाचा कल होतो, म्हणून निवडणूक आयोगाने २०१५ मध्ये तो बदलायला सुचवले. मग प्रश्न झाला तो असा, की युनायटेड किंग्डमने महासंघाचे सदस्य राहावे की महासंघ सोडावा? त्याखाली राहण्याची एक ओळ, सोडण्याची एक ओळ आणि प्रत्येकीसमोर एक चौकोन. शब्दांचा तोल इतका काळजीपूर्वक साधला होता. पण सोडून जायचे कुठे, याचा त्या कागदावर उल्लेखच नव्हता. एका ओळीमागे चाळीसहून अधिक वर्षांचे करार, कायदे, न्यायनिवाडे आणि जमाखर्च होते. त्यांचा राग येवो की आदर वाटो, ते तपासता येत होते. दुसऱ्या ओळीमागे चार-पाच वेगवेगळे भविष्यकाळ एकाच नावाखाली उभे होते.

आधी पहिली ओळ तपासू. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ असे दोनदा दार बंद केल्यानंतर ब्रिटन १९७३ मध्ये तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायात शिरला. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्क्यांनी त्याला पसंती दिली. पुढे त्या समुदायाचा महासंघ झाला आणि त्याच्या पोटात एकल बाजारपेठ उभी राहिली. वस्तू, सेवा, भांडवल आणि माणसे या चारही गोष्टींना देशांच्या सीमा आडव्या येऊ नयेत, ही तिची मूळ कल्पना. सीमेवर ट्रक थांबवायचा नसेल तर आतल्या मालाचे नियम सगळीकडे सारखे हवेत. नियम सारखे हवेत, तर ते एकत्र बसून करायला हवेत. एकत्र बसले, की कधीतरी आपण अल्पमतात जाणार. सगळा वाद या तीन वाक्यांत आहे.

महासंघाच्या कायद्याचा मसुदा ब्रसेल्समधला युरोपीय आयोग मांडतो. सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद आणि युरोपीय संसद तो मंजूर करतात. बहुतेक विषयांत परिषदेला ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या इतके बहुमत पुरते. तेव्हाच्या २८ देशांच्या महासंघात ब्रिटनचे संसदेतले सदस्य ७५१ पैकी ७३ होते. म्हणजे ब्रिटनला न पटलेला कायदा ब्रिटनमध्ये लागू होऊ शकत होता, आणि अधूनमधून होतही होता. युरो या चलनातून आणि शेंगेन या पासपोर्टमुक्त क्षेत्रातून त्याने आधीच सूट मिळवली होती, हेही खरे.

बाहेर पडू इच्छिणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा इथे होता. वेस्टमिन्स्टरमधले सरकार आवडले नाही तर पाच वर्षांत घरी बसवता येते, पण आयोगाला घरी बसवायला ब्रिटिश मतदाराच्या हातात काय होते? ॲशक्रॉफ्ट यांच्या पाहणीत बाहेर पडण्याच्या बाजूच्या जवळजवळ निम्म्या मतदारांनी हेच प्रमुख कारण दिले, की ब्रिटनविषयीचे निर्णय ब्रिटनमध्ये व्हावेत. स्थलांतर हे कारण सुमारे एक तृतीयांश लोकांनी पुढे केले. आपल्याकडे ब्रेक्झिटची गोष्ट परक्यांच्या द्वेषाची म्हणूनच सांगितली जाते. तो द्वेष होता आणि त्याने घाणेरडी रूपेही घेतली. पण आपले कायदे आपण करावेत ही इच्छा द्वेषातून आलेली नसते. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या देशातल्या माणसाने तरी ती हसण्यावारी नेऊ नये.

पैशांच्या हिशेबात दोन्ही बाजूंनी मतदाराला वाईट वागवले. आपण दर आठवड्याला ३५ कोटी पौंड महासंघाला पाठवतो, असे लिहिलेली लाल बस गावोगाव फिरली. हा आकडा सूट वजा करण्यापूर्वीचा होता. मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली सूट आधीच कापून घेतली जात असे, ती रक्कम कधी पाठवलीच जात नव्हती. २०१५ च्या हिशेबात कागदावरची वर्गणी १,७८० कोटी पौंड, सूट ४९० कोटी, आणि शेती अनुदान व मागास भागांच्या निधीच्या रूपाने सरकारी खात्यांकडे परत आलेले ४४० कोटी. उरले ८५० कोटी, म्हणजे आठवड्याला सुमारे १६ कोटी. ही रक्कम लहान नाही, पण सरकारच्या एकूण खर्चाच्या ती एक टक्क्याच्या आसपास भरते. बसवरचा आकडा दिशाभूल करणारा आहे, असे सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने प्रचार चालू असतानाच सांगितले. बस फिरतच राहिली.

दुसऱ्या बाजूला अर्थखात्याने एप्रिलमध्ये जाहीर केले, की बाहेर पडल्यास २०३० पर्यंत दर कुटुंबामागे ४,३०० पौंडांचे नुकसान होईल. प्रत्यक्षात देशाचे एकूण उत्पन्न, राहिल्यास जितके वाढले असते त्यापेक्षा ६.२ टक्क्यांनी कमी असेल, असा तो अंदाज होता. त्या फरकाला कुटुंबांच्या संख्येने भागले की ४,३०० येतात. घरातल्या मिळकतीतून इतके पैसे जाणार, असा त्याचा अर्थ नव्हता, पण ऐकणाऱ्याला तसेच वाटावे अशी मांडणी होती. बाहेर पडण्याच्या बाजूने कौल गेला तर लगेच मंदी येईल आणि दोन वर्षांत पाच लाख नोकऱ्या जातील, हे मे महिन्यातले भाकीत तर साफ चुकले. ज्याला खरोखर समजून घ्यायचे होते, त्याच्या हातात असा दोन्हीकडून फुगवलेला कागद पडत होता.

स्थलांतराचा आकडा २६ मे रोजी, मतदानाला महिना उरलेला असताना आला. २०१५ मध्ये येणाऱ्यांतून जाणारे वजा करता ब्रिटनमध्ये ३ लाख ३३ हजार लोकांची भर पडली होती. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी ही भर एक लाखाच्या खाली आणायचे वचन दिले होते. महासंघातले देश १ लाख ८४ हजारांच्या भरीला कारण होते, त्याबाहेरचे देश १ लाख ८८ हजारांच्या. ही बेरीज एकूण भरीहून मोठी दिसते, कारण ब्रिटिश नागरिकांत येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त होते. बाहेरच्या देशांतून कुणाला येऊ द्यायचे, हे तेव्हाही पूर्णपणे लंडनच ठरवत होते. पूर्व युरोपातले देश २००४ मध्ये आत आले, तेव्हा नव्या कामगारांवर काही वर्षे निर्बंध ठेवायची मुभा होती. बहुतेक जुन्या सदस्यांनी ती वापरली. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी दार लगेच उघडले. लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावाच्या भाजीमळ्यांत काही वर्षांतच पोलिश आणि लिथुआनियन बोलणारे मजूर दिसू लागले. शाळा, दवाखाने, भाड्याची घरे त्या वेगाने वाढली नाहीत. बॉस्टनने ७५ टक्क्यांहून अधिक मते बाहेर पडण्याला दिली. त्यांचा त्रास खरा होता. त्यामागचे निर्णय मात्र ब्रसेल्सइतकेच लंडनचेही होते.

आता एक प्रकरण जवळून पाहू. त्याचा एक धागा थेट मुंबईत येतो.

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट टॅलबटचा पोलाद कारखाना आहे. टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस कंपनी घेतली, तेव्हा तो टाटांकडे आला. तिथे सुमारे चार हजार माणसे कामाला होती आणि गावाचा बाजार, बँक, फुटबॉलचा क्लब हे सगळे त्या पगारावर चालायचे. सार्वमताला तीन महिने उरले असताना, २९ मार्च २०१६ रोजी टाटा स्टीलच्या संचालक मंडळाची मुंबईत बैठक झाली आणि ब्रिटनमधला व्यवसाय विकण्याचा विचार जाहीर झाला. कामगारांचे नेते आणि त्या भागाचे खासदार स्टीफन किनॉक मुंबई गाठून निर्णयाची वाट पाहत होते. वेल्समधल्या एका गावाचे भवितव्य मुंबईत ठरत होते. कुंपणावर बसलेल्या पोर्ट टॅलबटच्या मतदाराने यातून काय बोध घ्यायचा?

बाहेर पडा म्हणणारे सांगत होते, की चीन स्वस्त पोलाद बाजारात ओततो आहे, ब्रसेल्स पुरेसे शुल्क लावत नाही आणि सरकारी मदत द्यावी तर महासंघाचे नियम आडवे येतात. यात तथ्य होते. अमेरिकेने त्याच मार्चमध्ये काही चिनी पत्र्यांवर २६६ टक्के शुल्क लावले, तर महासंघाचे तशाच मालावरचे तात्पुरते शुल्क १३ ते १६ टक्के होते. ही तफावत एका नियमामुळे होती. परका माल कितीही स्वस्तात टाकला गेला असला, तरी स्थानिक उद्योगाचे नुकसान भरून निघण्यापुरतेच शुल्क लावायचे, त्याहून जास्त नाही, असा तो नियम. आयोगाला तो शिथिल करायचा होता. विरोध करणाऱ्या देशांत ब्रिटन होता. स्वस्त माल मिळावा, मुक्त व्यापाराला धक्का लागू नये, हे लंडनचे धोरण होते. ब्रिटनमधली औद्योगिक वीज जर्मनीपेक्षा महाग होती, तिच्यावर कार्बनचा ज्यादा कर होता, आणि हेही लंडनचेच निर्णय होते.

राहा म्हणणाऱ्यांचे म्हणणे, की ब्रिटिश पोलादाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक युरोप आहे आणि त्या बाजारावर पाणी सोडून कारखाना जगणार नाही. हेही खरे होते. पण ज्याची नोकरी महासंघात असतानाच जाऊ घातली होती, त्याला हे ऐकून धीर कसा यावा? पोर्ट टॅलबट ज्या मतदान विभागात येते, तिथे सुमारे ५७ टक्के मते बाहेर पडण्याला मिळाली. त्या कामगाराला मी मूर्ख म्हणणार नाही. आपल्यावरचा निर्णय कुठेतरी दूर होतो, हे त्याचे निदान बरोबर होते. पण तो एका ठिकाणी होत नव्हता. मुंबई, ब्रसेल्स, लंडन, बीजिंग अशा चार ठिकाणी होत होता आणि मतपत्रिका त्यातल्या एकाच शहराला हात घालू देत होती.

म्हणूनच दुसऱ्या ओळीचा अर्थ महत्त्वाचा होता. नॉर्वेसारखे राहिले तर एकल बाजारपेठ मिळते, पण तिचे बहुतेक नियम पाळायचे, वर्गणी भरायची, माणसांचा मुक्त संचार मान्य करायचा आणि नियम ठरताना मत नाही. तुर्कस्तानसारखा सीमाशुल्क संघ केला तर कारखान्यातल्या मालावरची जकात वाचते, पण बाहेरच्या देशांसाठीची शुल्के ब्रसेल्स ठरवते. कॅनडासारखा करार केला तर नियम आपले, पण सीमेवर कागदपत्रे आणि तपासणी आली. काहीच करार न केल्यास युरोपात जाणाऱ्या मोटारीवर दहा टक्के शुल्क. सुंदरलँडमध्ये निसानचा मोठा कारखाना आहे आणि त्याच्या बहुतेक गाड्या परदेशी जातात. तिथल्या कुणीतरी विचारायला हवे होते, की यातले आपण नेमके काय निवडतो आहोत? सुंदरलँडने ६१ टक्के मते बाहेर पडण्याला दिली. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यातल्या सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेचे काय, हा प्रश्न इंग्लंडमधल्या प्रचारात जेमतेम निघाला. १९९८ च्या शांतता करारानंतर जिथली चौक्यांची वर्दळ संपली होती, तीच सीमा पुढची कित्येक वर्षे सगळ्या वाटाघाटींच्या गळ्यात अडकली.

मराठी वाचकाला इथे गोव्याचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवेल. महाराष्ट्रात विलीन व्हायचे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे? मतपत्रिकेवरच्या चिन्हांत सांगायचे, तर फूल की दोन पाने? तोही दोनच पर्यायांचा आणि मने दुखावणारा कौल होता. कौल निःपक्ष व्हावा म्हणून दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. १ लाख ७२ हजार विरुद्ध १ लाख ३८ हजार मतांनी गोवेकरांनी वेगळे राहणे निवडले. पण दोन्ही चिन्हांमागचा अर्थ मतदाराला ठाऊक होता. महाराष्ट्र कसा चालतो ते डोळ्यांसमोर होते आणि केंद्रशासित प्रदेशात तर ते राहतच होते. हरलेल्यांना दुःख झाले, पण जिंकलेल्यांना आपण काय जिंकलो याचा शोध घेत बसावे लागले नाही. ब्रिटनमध्ये जिंकलेले लोकच साडेतीन वर्षे एकमेकांशी त्यावरून भांडत राहिले.

ज्याचे मन निम्मे-निम्मे होते, त्याच्यासाठी मला आणखी एक मुद्दा निर्णायक वाटतो. दोन्ही चुका सारख्याच दुरुस्त होण्याजोग्या नव्हत्या. राहिल्यावर पस्तावले तर पुढे कधीतरी सोडता आले असते. सोडल्यावर पस्तावले तर परत येता येते, पण थॅचर यांनी मिळवलेली सूट आणि युरो चलनापासूनची मोकळीक त्याच अटींवर परत मिळेल याची खात्री नाही. शंका असताना उलट फिरवता येणारी वाट धरावी, असा सावध माणूस यावरून निष्कर्ष काढेल, आणि मीही तोच काढला असता. याला समोरून उत्तर होते, आणि तेही पोकळ नव्हते. १९७५ नंतर हा प्रश्न विचारायला राज्यकर्त्यांनी ४१ वर्षे घेतली. आता नाही म्हटले तर पुढची संधी आपल्या हयातीत येईल कशावरून?

निकाल ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा लागला. इंग्लंड आणि वेल्स बाहेर पडण्याच्या बाजूने, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड राहण्याच्या. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडला आणि त्या वर्षाच्या अखेरीस कॅनडासारख्या वळणाचा करार करून थांबला. सरकारच्या स्वतंत्र अंदाजपत्रक कार्यालयाच्या मते यामुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. महासंघातून येणारे कमी झाले, पण लंडनने स्वतः आखलेल्या व्हिसा पद्धतीतून २०२३ च्या सुमारास निव्वळ भर वर्षाला नऊ लाखांवर गेली. त्यात भारतीयांचा वाटा मोठा होता. निर्णय लंडनमध्ये होऊ लागले, एवढे वचन मात्र नक्की पाळले गेले.

पोर्ट टॅलबटमध्ये त्या निर्णयाचे रूप असे दिसले, की विजेवर चालणाऱ्या नव्या भट्टीसाठी सरकारने टाटांना ५० कोटी पौंड देऊ केले. यासाठी महासंघ सोडायलाच हवा होता असे म्हणवत नाही, कारण जर्मनीने आत राहूनच थिसेनक्रुप कंपनीच्या हरित पोलादासाठी सुमारे दोनशे कोटी युरोंची मदत २०२३ मध्ये आयोगाकडून मंजूर करून घेतली. कोळशावर चालणाऱ्या दोन्ही जुन्या भट्ट्या २०२४ मध्ये बंद झाल्या, दुसरी ३० सप्टेंबरला, आणि हजारो नोकऱ्या गेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये आयोगाने प्रस्ताव मांडला, की परक्या पोलादाचा शुल्कमुक्त कोटा जवळजवळ निम्मा करायचा आणि त्यापलीकडच्या मालावर ५० टक्के शुल्क लावायचे. पोर्ट टॅलबटच्या कामगारांनी २०१६ मध्ये चिनी मालाविरुद्ध जी भिंत मागितली होती, ती आता युरोप बांधायला निघाला आहे, आणि ब्रिटन तिच्या बाहेरच्या अंगाला आहे. या प्रस्तावावर परिषदेत ब्रिटनला मत नाही. आपल्या पोलादासाठी वेगळा कोटा मागायला त्याला आता ब्रसेल्सच्या दारी जावे लागते.